कुंडीचा रंग कोणी ठरवला?

पाइनला आणि ज्युनिपरला बिनझिलईची तपकिरी कुंडी, मेपलला निळी नाहीतर सायीच्या रंगाची, फुलाफळांच्या झाडाला चकचकीत आणि फुलाच्या उलट रंगाची. बोन्सायच्या कुठल्याही वर्गात हे सूत्र सुरुवातीलाच पाठ करून घेतात. आमच्या ठाण्याच्या बाईंनीही घेतलं. मी गिरणीच्या रंगखात्यातला माणूस. उभी नोकरी शेड जुळवण्यात गेली. गिऱ्हाइकाने पाठवलेला बोटभर तुकडा आणि आपल्या मशीनवरून निघालेलं कापड उत्तरेच्या उजेडात शेजारी शेजारी धरायचं आणि ‘तांबडा जरा चढलाय’ म्हणून सांगायचं, एवढंच काम. त्यामुळे रंगाचा नियम कोणी सांगितला की मला पहिली शंका येते ती ही, की हा नियम कोणाच्या मालावरून निघाला? आमची शेडकार्डं काही सौंदर्यशास्त्रातून उतरत नसत. ज्या वर्षी जो रंग गोदामात असे, धुलाईत टिके आणि परवडे, तो कार्डावर चढे. चार वर्षं गेली की तीच आवड म्हणून लोक सांगू लागत.

कुंड्यांचंही असंच काही झालं असणार असं वाटलं आणि वाचत गेलो. बराचसा संशय खरा निघाला. सगळा नाही, पण ते पुढे येईल.

झाड तबकात लावल्याचं फार जुनं चित्र म्हणून ज्याचा दाखला देतात ते चीनमधलं आहे. तांग घराण्यातल्या झांगह्वाय राजपुत्राच्या थडग्यात, इ. स. ७०६ च्या सुमाराचं. भिंतीवर रंगवलेल्या सेवकांपैकी एकाच्या हातात उथळ तबक आहे, त्यात दगड आणि इवली झाडं. रंगाच्या दृष्टीने त्यातून फारसं काही निघत नाही. थांबावं असं ठिकाण त्यानंतर काही शतकांनी येतं, ते म्हणजे हनान प्रांतातल्या जुन भट्ट्या.

या भट्ट्यांतून राजवाड्यासाठी फुलझाडांच्या कुंड्या, त्यांच्याखालच्या ताटल्या आणि नार्सिससचे कंद ठेवायचे पसरट वाडगे बनले. प्रत्येकाच्या बुडाशी एक आकडा कोरलेला असतो, एक ते दहा. एक म्हणजे सगळ्यांत मोठी कुंडी, दहा म्हणजे सगळ्यांत लहान. ताटली आणि कुंडी यांची जोडी लागावी म्हणून ही सोय. पुढे छिंग बादशहांच्या काळात यांतल्या काहींवर राजवाड्यातल्या कुठल्या दालनात ती ठेवायची त्याचं नावही कोरलं गेलं. तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आणि अमेरिकेत हार्वर्डच्या संग्रहालयात अशा कुंड्या आहेत. त्या बाराव्या शतकातल्या सुंग सम्राटाच्या की पंधराव्या शतकातल्या मिंग दरबाराच्या, यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही. वाद तीनशे वर्षांचा आहे, कुंडी मात्र तीच.

मला त्यांच्या रंगाने धरून ठेवलं. बाहेरून जांभळट, काही ठिकाणी पिकलेल्या करवंदासारखा, आतून आणि काठाला फिका अस्मानी. जांभळा आहे तो तांब्याचा. निळ्यात मात्र कोबाल्ट अजिबात नाही. भट्टी सावकाश निवत असताना काचेत दुसऱ्या काचेचे अतिसूक्ष्म थेंब वेगळे होतात आणि प्रकाश त्यांच्यावर विखुरतो. आकाश निळं दिसतं त्याच कारणाने ही कुंडी निळी दिसते. मी निळा म्हटलं की इंडिगो, व्हॅट, सोड्याचं प्रमाण असा विचार करणारा माणूस. रंग न घालता निळा काढणाऱ्या कुंभाराला नमस्कार करण्यापलीकडे मला काही सुचत नाही.

या निळ्याची नक्कल पुढे दक्षिणेत, ग्वांगडाँगमधल्या शीवानच्या भट्ट्यांनी केली. दाट निळ्यावर पांढऱ्या-राखी रेघोट्या ओघळलेल्या, जाड थराची, स्वस्त आणि दणकट. जपानमध्ये ती गेली तेव्हा तिथल्या लोकांना समुद्रकाकडी हा बुळबुळीत जीव आठवला आणि त्याच नावाने, ‘नामाको’ म्हणून, ती झिलई आजही विकली जाते. मेपलखाली जी निळी कुंडी आपण पुस्तकात बघतो ती बहुतेक वेळा या घराण्यातली. म्हणजे मूळ राजवाड्याचं, नक्कल बंदरातली आणि मान मिळाला तिसऱ्याच देशात.

तपकिरीची कथा दुसरीकडची. शांघायच्या पश्चिमेला ताइहू नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्या काठाशी यीशिंग. तिथल्या डिंगशू गावाच्या डोंगरातून जी माती निघते तिला माती म्हणायचं ते सवयीने. खाणीतून ती दगडाच्या ढेपांसारखी येते. उघड्यावर टाकून ऊनपाऊस खाऊ देतात, ती भुसभुशीत झाली की कुटायची, चाळायची, भिजवायची आणि मुरायला ठेवायची. तिच्यात लोह भरपूर. ११०० ते १२०० अंशांना भाजली की निघतो तो जांभळट तपकिरी रंग, चिनी लोक त्याला जांभळी वाळू म्हणतात. त्याच डोंगरात वेगळ्या थरातून लाल निघते, दुसरीकडून पिवळसर, हिरवट. थर मिसळले की मधल्या छटा. भट्टीत हवा कोंडली की त्याच मातीचा रंग काळवंडतो. एवढी रंगांची उतरंड नुसत्या मातीतून मिळत असताना वर काचेचा थर कशाला चढवायचा? यीशिंगवाल्यांनी सहसा चढवला नाही. सोळाव्या शतकापासून ते या मातीच्या चहादाण्या करत आले, चहाबाजांनी त्या डोक्यावर घेतल्या, आणि त्याच मातीच्या, त्याच हातांच्या कुंड्या बागांसाठी होऊ लागल्या. चहादाणीचं आणि कुंडीचं हे नातं लक्षात ठेवायला हवं. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता जपान. एदो काळातली, म्हणजे आपल्याकडे शिवकालापासून इंग्रजांपर्यंतच्या काळातली, रंगीत छापचित्रं पाहिली तर झाडांच्या कुंड्या अगदी बोलक्या दिसतात. सेतोच्या भट्ट्यांतल्या पांढऱ्यावर निळी नक्षी काढलेल्या कुंड्या, फेरीवाल्याच्या कावडीत, तरुणींच्या खिडकीत, सणाच्या जत्रेत. ओमोतो नावाच्या, नुसत्या पानांसाठी वाढवायच्या झाडाला तर काळ्या कुंडीवर सोनेरी आणि पंचरंगी वेलबुट्टी असे. पाइनलाही झिलईची, नक्षीची कुंडी चालत होती. ‘बिनझिलईची तपकिरी’ हा कायदा तेव्हा कोणी ऐकलेला नव्हता.

तो आला चहाच्या बरोबर. जपानी चहाचा समारंभ म्हटला की आपल्याला फेटलेला हिरवा चहा आठवतो. पण अठराव्या शतकात दुसरी एक रीत रुजली. पानांचा काढा, चिनी विद्वानांच्या पद्धतीने, मोकळ्या गप्पांबरोबर. क्योतोच्या रस्त्यावर टोपलीतून सामान नेऊन चहा विकणारा बाइसाओ नावाचा एक म्हातारा भिक्षू या मंडळींचा आदर्श. तो १७६३ साली वारला. त्याच्या शंभराव्या स्मृतीनिमित्त १८६२ साली ओसाकात चित्रकार तानोमुरा चोकुन्यू याने मोठं चहासंमेलन भरवलं. अशा संमेलनांत चिनी वस्तू मांडायच्या असत. चिनी चित्र, चिनी दौत, यीशिंगची चहादाणी आणि चिनी कुंडीतलं एखादं छोटं झाड. झाडाने बैठकीत पाऊल टाकलं ते चिनी सामानाच्या रांगेतून. मग चहादाणीशेजारी जी कुंडी बसेल तीच शोभणार. यीशिंगची.

माझं मत असं, की तपकिरीचा मान इथे ठरला. १८६८ नंतर मेजी राजवटीत सत्तेवर आलेले मंत्री आणि पैसा केलेले कारखानदार याच आवडीचे. ‘बोन्साय’ हा शब्द रूढ झाला तो यांच्याच काळात. त्यांच्याकडे पाइन, ज्युनिपर ही मानाची झाडं आणि यीशिंगची जुनी कुंडी ही मानाची वस्तू. मानाचं झाड मानाच्या भांड्यात गेलं. दोन पिढ्या डोळ्यांना तेच दिसत राहिलं आणि मग त्यालाच शोभणं म्हणू लागले. व्यापाऱ्यांनी कुंड्यांचे वर्ग पाडले तेही समुद्र ओलांडून कधी आल्या त्यावरून. फार पूर्वी आलेल्या ‘कोवातारी’, मधल्या काळात आलेल्या ‘नाकावातारी’ आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आलेल्या ‘शिन्तो’. या शेवटच्या तर जपानी व्यापाऱ्यांनी आकार कळवून यीशिंगकडून करवून घेतलेल्या. चिनी वस्तू म्हणून जिची पूजा होते तिचा नकाशा जपानी दुकानदाराने धाडलेला, ही गंमत मला फार आवडते. रंगांना नावंही पडली. शिंदूर मातीची ‘शुदेई’, जांभळ्या मातीची ‘शिदेई’, कावळ्याच्या काळ्याची ‘उदेई’, पांढऱ्या मातीची ‘हाकुदेई’. शेडकार्ड तयार झालं.

मग अशा मालाची देशी आवृत्ती निघणं ओघानेच आलं, आणि ती निघाली तोकोनामेत.

माझा मुलगा नागोयाच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. नागोयाचं म्हणून जे विमान आपण पकडतो ते खरं तर तोकोनामेलाच उतरतं. समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर २००५ साली हा विमानतळ सुरू झाला. बहुतेक आपली माणसं तिथून तडक गाडीत बसून नागोया गाठतात. मी मुलाला म्हटलं, बाबा रे, मला आधी इथेच उतरव. इसे उपसागराच्या काठावरचं हे गाव बाराव्या शतकापासून भांडी भाजतंय. जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांत त्याची गणना होते. जुन्या वस्तीतून पायवाट वर चढते. एका वळणावर दोन्ही बाजूंच्या भिंतीच भांड्यांच्या आहेत. एका बाजूला सांडपाण्याचे भाजलेल्या मातीचे पाइप एकावर एक रचलेले, दुसऱ्या बाजूला दारूचे मोठे बुधले. पायाखाली भट्टीत वापरून टाकून दिलेली मातीची कडी रोवलेली, चढावर पाय घसरू नये म्हणून. पाइप आणि बुधले गडद तपकिरी, मिठाच्या झिलईचे, म्हणजे भट्टी तापलेली असताना आत मीठ टाकून आणलेली चकाकी. आपल्याकडच्या जुन्या लोणच्याच्या बरणीचा वरचा अर्धा भाग आठवा, जवळपास तोच रंग.

या पाइपांनीच तोकोनामेला आधुनिक केलं. मेजी काळात रेल्वे आणि शहरं वाढली, त्यांना पाइप लागले, आणि कोइए होजू नावाच्या कुंभार-कारखानदाराने ते एकसारख्या मापाचे करून दाखवले. तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलसाठी फ्रँक लॉइड राइटने ज्या पिवळसर, रेघा ओढलेल्या विटा वापरल्या त्याही याच गावात भाजल्या गेल्या. हॉटेल उघडलं १९२३ मध्ये. टेकडीवर १८८७ साली बांधलेली चढती भट्टी उभी आहे. आठ खोल्या, एका रांगेत दहा धुराडी, मधली बुटकी आणि कडेची उंच. १९७४ पर्यंत ती पेटत होती.

पण माझ्या कथेतला माणूस कोइएच. त्याच्या आधी, १८५४ साली, सुगिए जुमोन नावाच्या कुंभाराने गावच्या लोहाळ मातीतून यीशिंगसारखी लाल चहादाणी काढली होती. त्या नव्या चहाच्या रिवाजाला गिऱ्हाईक होतंच. कोइएला तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्याने १८७८ मध्ये जिन शीहंग या चिनी माणसाला गावात बोलावून घेतलं आणि यीशिंगची पद्धत शिकून घेतली. चाकावर न फिरवता, मातीच्या पट्ट्या थापून, जोडून भांडं उभं करायची. चौकोनी, षट्कोनी कुंडीलाही हीच पद्धत लागते, कारण चाकावर गोलाशिवाय काही निघत नाही. म्हणजे हात तयार होते, माती तयार होती. पुढे जपान-चीन युद्धाने यीशिंगचा माल बंद पडला, आणि युद्धानंतर प्लॅस्टिकच्या पाइपांनी मातीचे पाइप बाजारातून हुसकले. बोन्सायची हौस मात्र तेव्हा घराघरात शिरत होती. गाव कुंड्यांकडे वळलं नसतं तरच नवल.

तिथल्या एका दुकानात मी बराच वेळ काढला. फळ्यांवर कुंड्या एकात एक घालून ठेवलेल्या, वरच्या फळीवर धूळ. विटकरी, काजळी, चॉकलेटी, मातकट. मालकीणबाई सत्तरीच्या. मी एक लाल कुंडी उजेडात नेऊन फिरवायला लागलो तशा त्या काही न बोलता आत गेल्या आणि बादली व स्पंज घेऊन आल्या. कुंडीच्या निम्म्या भागावर ओला स्पंज फिरवला. विटकरी होता तो क्षणात काळपट लाल झाला, कात लावलेल्या पानासारखा. निम्मी कोरडी, निम्मी ओली, अशी ती त्यांनी माझ्यासमोर धरली. मला हसूच आलं. रंगखात्यात ओल्या कापडावर शेड पास करणाऱ्याला घरी पाठवत. कापड आधी इस्त्रीवर वाळवायचं आणि मगच बोलायचं. इथे उलट. कुंडीतल्या झाडाला रोज पाणी, उन्हाळ्यात दोनदा. अर्धा दिवस कुंडी ओलीच असणार, तेव्हा ओला रंगही बघूनच घ्यायला हवा. मुलाने दुभाष्या होऊन विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, गिऱ्हाईक कोरडी बघून घेतं आणि घरी जाऊन तक्रार करतं.

परतताना गाडीत त्यावरच विचार करत होतो. पाइनची सालही ओली झाली की गडद होते. म्हणजे पाणी घातल्यावर साल आणि कुंडी दोन्ही एकदम खाली उतरतात, वाळताना दोन्ही एकदम वर येतात. झिलईची कुंडी मात्र काचेची, ती जागची हलत नाही. तपकिरीचा मान चहाच्या बैठकीत ठरला हे माझं म्हणणं मी सोडत नाही, पण ती टिकली त्यामागे हे एक कारण असावं. मघाशी सगळा संशय खरा निघाला नाही म्हटलं, ते यासाठी.

नियम कागदावर आला त्याआधी एक भूकंप झाला. सप्टेंबर १९२३ मध्ये तोक्यो जळालं. शहरातल्या बोन्साय रोपवाटिकावाल्यांनी जागा, स्वच्छ पाणी आणि मोकळी हवा शोधत उत्तरेला ओमिया गाठलं आणि १९२५ साली तिथे वस्ती केली. वस्तीचे नियम मजेशीर होते. प्रत्येकाकडे किमान दहा झाडं हवीत, फाटक सगळ्यांना उघडं हवं, दुमजली घर बांधायचं नाही, कुंपण झाडांचंच हवं. दुमजली घर का नको, तर शेजाऱ्याच्या झाडांवर सावली नको आणि वरून डोकावणं नको. तोक्योतल्या उएनोच्या कलासंग्रहालयात १९३४ साली ‘कोकुफू’ प्रदर्शन सुरू झालं. त्यामागे कोबायाशी नोरिओ हा संपादक होता. १९२१ पासून तो ‘बोन्साय’ नावाचं मासिक चालवत होता. झाड चित्रासारखं संग्रहालयात मांडलं जाऊ लागलं, आणि चित्राला जशी चौकट तशी झाडाला कुंडी असा हिशेब आला. प्रदर्शनापुरती कुंडी बदलायची रीतही पडली. जुनी नामांकित कुंडी उसनी आणायची, झाड त्यात बसवायचं, चार दिवसांनी परत करायची. आपल्याकडे लग्नात दागिने उसने आणतात तेवढ्याच गंभीरपणे हे चालतं.

इथे माझा एक तर्क आहे, आणि तो तर्कच समजावा. त्या काळचे फोटो काळे-पांढरे. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग जातो आणि राहतो तो फक्त उजेड-अंधार. चकचकीत कुंडीवर खिडकीचा पांढरा डाग पडतो आणि डोळा तिथेच अडकतो. बिनझिलईची कुंडी गप्प राखाडी दिसते आणि नजर झाडाकडे जाऊ देते. ज्या पिढीने बोन्साय फोटोंवरून शिकलं तिच्या मनात ‘कुंडी गप्प हवी’ हे या वाटेनेही उतरलं असेल. आमच्या धंद्यात छापील कॅटलॉग पाहून साडी ठरवणारे व्यापारी मी पाहिलेत, त्यामुळे मला यात अशक्य काही वाटत नाही.

झिलईच्या कुंड्या मात्र मेल्या नाहीत, उलट छोट्या झाडांनी त्या जगवल्या. क्योतोत ‘हेइआन तोफुकुजी’ या नावाने काम करणारा एक कुंभार होऊन गेला, १८९० ते १९७०. आयुष्यभर गरिबी, भट्टी स्वतःची नाही. दुसऱ्यांच्या भट्टीत मिळेल त्या जागी आपल्या कुंड्या ठेवायच्या. आग जिथे जशी लागेल तशी झिलई निघायची. त्याच्या हिरव्या, निळ्या, पिवळ्या तळहाताएवढ्या कुंड्यांना आज संग्राहक मागतील ती किंमत देतात. तांब्याचा हिरवा, ‘ओरिबे’ म्हणून ओळखला जाणारा, तर सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलेला. कोबाल्टचा गडद निळा, सायीचा पांढरा, हे सगळे पानगळीच्या आणि फुलांच्या झाडांच्या वाट्याला आले.

आणि इथे बाजारापलीकडचं एक शास्त्रही आहे, ते माझ्याच धंद्यातल्या एका पूर्वजाने मांडलेलं. पॅरिसच्या गोबेलँ गालिचा-कारखान्यात शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. विणकरांची तक्रार आली, काळी लोकर फिकी पडते. त्याने लोकर तपासली, रंग चोख होता. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता, त्यांच्याजवळ काळा मळकट दिसत होता. यावरून त्याने १८३९ साली भलंमोठं पुस्तक लिहिलं. शेजारी आलेले दोन रंग एकमेकांना आपल्या उलट दिशेला ढकलतात. निळ्या कुंडीवरचा मेपल शरदात जास्त केशरी दिसतो तो म्हणूनच. त्याच न्यायाने तांबूस कुंडीवर तांबूस फूल ठेवलं की दोघंही मरगळतात. आम्ही शेड बघताना शेजारचं टेबल राखाडी कापडाने झाकत असू, त्यामागे हाच शेव्ह्रल.

पण मेपलची खरी परीक्षा शरदात नसते. तिकडे प्रदर्शनं भरतात हिवाळ्यात, पानं गळाल्यावर, बारीक फांद्यांची जाळी मोकळी दिसते तेव्हा. तेव्हा लाल पानांचं कौतुक संपलेलं असतं आणि उरते राखी-रुपेरी साल. म्हणून जाणते लोक मेपलला सायीची किंवा फिकट मातीची कुंडी देतात, जुनी असेल तर काठाशी किंचित काळवंडलेली. रंग कुठल्या ऋतूसाठी निवडायचा ते आधी ठरवा, एवढं मी वर्गात सांगतो, आणि बाई मला जास्त बोलू देत नाहीत.

आपल्याकडे हे सगळं आलं ते पुस्तकांतून, तयार. आणि माल आला उत्तर प्रदेशातल्या खुर्जाहून. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही नर्सरीत जा, बोन्सायचा ट्रे म्हणून जो पुढे येतो तो बहुधा चकचकीत. गडद निळा, बाटलीहिरवा, चॉकलेटी, झालंच तर पांढरा. खुर्जाच्या कारागिराचा हात कपबशी आणि बरणीचा, त्याला चकाकी म्हणजे काम पूर्ण झालं असं वाटतं, यात त्याची चूक नाही. दुसऱ्या टोकाला कुंभारवाड्यातली लाल मातीची कुंडी. ती कमी आचेवर भाजलेली असते. मुळांना मानवते, पण वर्षा-दोन वर्षांत क्षार बाहेर येऊन पांढरे डाग धरते. मधलं, घट्ट भाजलेलं आणि बिनझिलईचं, सहजासहजी मिळत नाही. चीनमधून येतात त्या यीशिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या कुंड्या. खऱ्या जुन्या तर आता जपानमधून चिनी श्रीमंत परत विकत नेतायत, त्या आपल्यापर्यंत कशाला पोचतील?

आणि झाडं आपली वेगळी. पाइन आपल्या हवेत रडतो. आपल्याकडे वड, उंबर, पिंपळ, चिंच, डाळिंब, कामिनी, बोगनवेल. वडाची साल राखी, पान जाड, गडद आणि तुळतुळीत, फळ लाल. झाडच चकाकतंय, मग खाली निळी काच ठेवली की दोघांची भांडणं. माझ्या वडाला मी करड्या, जरा खडबडीत कुंडीत ठेवलंय आणि पारंब्यांचा रंग तिथे पहिल्यांदा दिसला. पिंपळाला चैत्रात तांबूस पालवी फुटते, तेवढ्यापुरता फिकट हिरवा चालतो, एरवी तोही मातकटातच बरा. चिंचेच्या बारीक पानांना आणि भेगाळ सालीला जांभळट तपकिरी, म्हणजे पाइनचाच पोशाख, चपखल बसतो. काळपट कुंडीबद्दल मात्र एक सावधगिरी. एप्रिल-मेच्या गच्चीत ती इतकी तापते की काठाला हात लावत नाही, आणि काठालगतची मुळं भाजतात. ओमियाच्या पुस्तकात हे सापडणार नाही. आम्ही त्या दोन महिन्यांत कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळतो. दिसतं वाईट, पण झाड जगतं.

डाळिंबावरून बाईंचं आणि माझं पटत नाही. फूल शेंदरी. बाई म्हणतात मोरपंखी कुंडी, सूत्राप्रमाणे. मी म्हणतो डाळिंब फुलापेक्षा फळाचं आणि पिळदार खोडाचं झाड, फूल आठ दिवस, खोड बारा महिने. दुधी किंवा राखी द्या. बाईंनी गेल्या प्रदर्शनात मोरपंखीच दिली. लोकांनी फोटो काढले, फुलाचेच.

या पावसाळ्याआधी मी नर्सरीच्या घाऊक दुकानदाराला गाठलं, जो खुर्जाचा माल आणतो. म्हटलं, तुमच्या कारागिराला सांगा, मातीत जरा लोहाळ माती मिसळ, पूर्ण आचेवर भाज आणि वर काही लावू नको. आत तर नाहीच, बाहेरही नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ‘साहेब, पॉलिशच नाही तर गिऱ्हाईक पैसे कशाचे देणार?’ मग जरा थांबून, पन्नास नग एका मापाचे घेणार असाल तर विचारतो म्हणाला. वर्गातल्या बारा जणांनी आतापर्यंत होकार दिलाय. बाईंनी दोन सांगितल्यात, एक चिंचेसाठी.